प्रयोगशाळेच्या दारावरचे सतरा नियम

बुसिराच्या टेकडीवर मुलींची शाळा आहे, आणि त्या शाळेतल्या रसायनाच्या प्रयोगशाळेच्या दारावर सतरा नियमांचा कागद आहे. दरवर्षी फेब्रुवारीत शाळा उघडली की खाइन्झा बाई तो नव्यानं लिहितात, स्वतःच्या हातानं, निळ्या शाईनं, आणि चारी कोपऱ्यांना खिळे ठोकतात. खिळे ठोकताना बाईंचा चेहरा बघावा. कुणाच्या तरी टाळक्यात ठोकावेत तसे ठोकतात.

पहिले काही नियम कुठल्याही शाळेत असतात तसेच. केस बांधून या. डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय आम्लाच्या बाटलीला हात नाही. घंटा झाली की दार बंद, मग तू बिशपची भाची असलीस तरी व्हरांड्यात उभी राहा. माप शाईनं लिहायचं, चुकलं तर एक रेघ मारून खाली नवं लिहायचं. खोडरबर दिसला तर तो खिडकीतून बाहेर जाईल, आणि त्याच्या मागोमाग त्याची मालकीण. मुली खुदखुदतात आणि मुकाट पाळतात.

पण पुढचे काही नियम वाचून नवा माणूस बुचकळ्यात पडतो. चौथा म्हणतो, शिक्षक दारू पिऊन किंवा आदल्या दिवशीच्या दारूचा वास घेऊन आत येणार नाही. नववा म्हणतो, तीन मापं तंतोतंत सारखी आली तर ती खोटी धरली जातील. अकरावा म्हणतो, परीक्षा संपताच, मुली घरी जायच्या आत, शिक्षक त्यांच्या देखत स्वतः टायट्रेशन करून, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून रंग पालटेपर्यंत किती लागतं ते मोजून, शाळेचं माप काढेल आणि दोन मुली त्या कागदावर साक्षीची सही करतील. एकदा म्बालेहून तपासणीला साहेब आले होते. त्यांनी कागद वाचला, टाय सैल केला आणि विचारलं, "बाई, हे नियम मुलींसाठी आहेत की मास्तरांसाठी?"

"ज्याला झोंबतील त्याच्यासाठी," बाई म्हणाल्या.

आणि सतरावा. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलीच्या पालकानं जातीनं यायचं, वर्गासमोर उभं राहून सगळे नियम मोठ्यानं वाचायचे आणि खाली सही करायची. सही होईपर्यंत त्या मुलीनं ब्युरेटला, थेंब सोडायच्या त्या काचेच्या नळीला, बोटसुद्धा लावायचं नाही, नुसतं बघायचं. फेब्रुवारीभर रोज दोघं-तिघं पालक येतात, घाम पुसत वाचतात. लोक म्हणतात, बाईंना हौस आहे दुसऱ्याला उभं करायची. लोकांना काय माहीत! सतरावा नियम बाईंनी एकाच माणसासाठी लिहिला होता, आणि तो माणूस त्या दारातून आत यावा म्हणून त्या सोळा वर्षं वाट बघत होत्या.

त्या माणसाचं नाव मागोम्बे. तीस वर्षांपूर्वी तोच या प्रयोगशाळेचा मास्तर होता.

तेव्हा खाइन्झा नागुदी सोळा वर्षांची होती. बाप शिंपी, शाळेचे गणवेश शिवायचा. उरलेल्या निळ्या चिंध्यांतून त्यानं तिला एक पिशवी शिवून दिली होती आणि सांगत सुटला होता, की ही पिशवी पुढं डॉक्टरीणबाईच्या हातात दिसेल. बढाई नव्हती ती. पोर सगळ्या विषयांत पहिली होती. रसायनात तर मास्तर चुकला की ही बाकावरून बोट वर करायची, आणि मागोम्बे मास्तरला ते बोट आवडायचं नाही.

साल चौऱ्याण्णव, म्हणजे इम्बालुचं वर्ष. दर दोन वर्षांनी, सम सालांत, आमच्याकडं पोरांची सुंता होते आणि सगळा मुलूख नाचायला निघतो. ऑगस्टात ढोल सुरू होतात ते वर्ष सरेपर्यंत. भाच्याची इम्बालु असली तर मामानं घरी बसणं म्हणजे बहिणीच्या तोंडाला काळं फासणं. मागोम्बे मास्तरच्या भाच्याची इम्बालु नेमकी रसायनाच्या प्रयोग-परीक्षेच्या आदल्या दिवशी आली. मास्तर गेला. नाचला, प्यायला. त्याबद्दल कोण बोलेल? मामाच तो. पण दुसऱ्या दिवशी परीक्षा चालू असताना तो आला तो कपाळावर नाचात फासलेलं पीठ तसंच ठेवून, डोळे तांबारलेले, आणि मागच्या खोलीत खुर्चीवर जाऊन पडला. द्रावणं त्याच्या मदतनिसानं घाईघाईत बनवून ठेवली होती. तोही नाचूनच आलेला.

खाइन्झानं तीन वेळा टायट्रेशन केलं. बावीस पूर्णांक चार, बावीस पूर्णांक तीन, बावीस पूर्णांक चार. तिन्ही वेळा शेवटच्या थेंबाला रंग असा आला की गुलाबी म्हणावा तर गुलाबी, नाही म्हणावा तर नाही. ती हसत घरी गेली.

निकाल आला. बाकी विषयांत वरचे गुण, आणि रसायनात पार तळाला. तिच्याच नव्हे, तेवीसच्या तेवीस मुलींचं रसायन बुडालं होतं. सरकारी खर्चानं पुढं विज्ञान शिकायची जागा गेली. ती मास्तरकडं विचारायला गेली तेव्हा तो व्हरांड्यात भुईमूग फोडत बसला होता. टरफल फुंकत म्हणाला, "हात थरथरतो तुझा. मी वर्षभर बघत होतो. अशा हातानं डॉक्टर व्हायचंय? माणसं मारशील, पोरी."

हे वाक्य तिनं बारा वर्षं अंगावर वागवलं. चहा ओतताना ती उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं धरायची. स्वतःच्या बाळाला पहिली आंघोळ घालायला तिनं आईला बोलावलं, कारण हात थरथरला आणि पोर निसटलं तर? मास्तरकीचं शिक्षण घेतलं ते डॉक्टरी गेली म्हणून, आणि वर्गात प्रयोग करून दाखवायची वेळ आली की ती हुशार मुलीला पुढं बोलवायची. हाताला काहीही झालेलं नव्हतं. पण सांगणारा मास्तर होता ना! मास्तरनं सांगितलं म्हणजे झालं.

बारा वर्षांनी तिला परीक्षेचे पेपर तपासायला बोलावणं आलं. तिथं पहिल्याच सकाळी मुख्य तपासनिसानं समजावलं, की मुलींची मापं पुस्तकातल्या आकड्याशी ताडायची नसतात. प्रत्येक शाळेचा मास्तर त्याच द्रावणांवर स्वतः माप काढून पाठवतो, ते शाळेचं माप. मुलीचं माप त्याच्या जवळ आलं तर गुण, लांब गेलं तर भोपळा. "आणि मास्तरचंच माप चुकलं असेल तर?" खाइन्झानं विचारलं. तपासनीस हसला. "मग सगळा वर्ग बुडाला, बाई. मास्तरच्या मापाला आम्ही हात लावत नाही."

तेवीसच्या तेवीस! तेवीस मुलींचे हात एकाच दिवशी कसे थरथरतील?

तिनं खटपटी करून बुसिराला बदली मागून घेतली. आल्या आल्या प्रयोगशाळेचं जुनं कपाट उपसलं. वाळवीनं अर्धं खाल्लेल्या गठ्ठ्यात कार्बनची प्रत सापडली. चौऱ्याण्णव साल. शाळेचं माप : पंचवीस, पंचवीस, पंचवीस. खाली मागोम्बेची लफ्फेदार सही. अहो, तीन वेळा केलेलं टायट्रेशन असं शून्य-शून्य जुळत नसतं, हे शेंबडं पोरही सांगेल. मास्तरनं ब्युरेट हातातच घेतली नव्हती. गणितानं जे यायला हवं ते बसल्या जागी लिहून मोकळा झाला होता. द्रावण प्रत्यक्षात कसं झालंय ते बघायची तसदी कुणी घ्यावी!

त्या दिवशी खाइन्झा बाईंनी दार आतून लावलं, ब्युरेट भरली आणि एकटीनं टायट्रेशन केलं. एकदा, दोनदा, सहा वेळा. हात दगडासारखा स्थिर. मग त्या रडल्या, आणि रडून झाल्यावर त्यांनी कागद घेऊन नियम लिहायला सुरुवात केली.

मागोम्बे तोवर केवढा तरी मोठा झाला होता. मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेला, चर्चमध्ये पहिल्या बाकावर, कुणाचंही लग्न असो की मयत, चार शब्द बोलायला हाच. सरळ त्याच्या घरी जाऊन कागद तोंडावर फेकता आला असता. पण त्यानं काय झालं असतं? चार म्हातारे जमले असते, कोंबडी कापली असती आणि बाईंनाच समजावून परत धाडलं असतं. बाईंना ते नको होतं. त्याला त्याच जागी, मुलींसमोर उभा करायचा होता. बाईंनी डूख धरला तो असा.

पंधरा वर्षं त्याच्या घरातली एकही मुलगी बुसिराला आली नाही. आणि मग गेल्या वर्षी मुझाकी आली. मागोम्बेची नात, मुलीची मुलगी. तिची आई नान्दुतु कंपालाला एकटी राहते, रस्त्याकडेला मोबाइलची कव्हरं विकते. पोरीकडं बघायला वेळ होईना म्हणून तिनं तिला बापाकडं धाडलं. पोर हुशार निघाली. रसायनाचं तर वेड, आणि हात इतका हलका की बघत राहावं. तो हात बघून बाईंना आनंद व्हायला हवा होता. खरं सांगायचं तर त्यांच्या पोटात आग पडायची. याच्या घरात असा हात?

यंदा मुझाकी शेवटच्या वर्षाला आली. पालक, मागोम्बे.

तो आला तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. तीन आठवडे मुझाकी हात बांधून दुसऱ्यांची टायट्रेशनं बघत होती. मास्तरच्या अंगात तपकिरी सूट, हातात काठी, वय चौऱ्याहत्तर, पण पाठ ताठ. बेचाळीस मुली उठून उभ्या राहिल्या.

"मुलेम्बे, मुलींनो, मुलेम्बे. बसा," त्यानं राम-राम घातला आणि छताकडं बघितलं. "पत्रे बदलले वाटतं. ही लॅब मी चालवलेली आहे, बरं का मॅडम. तेव्हा असले कागदबिगद नव्हते. मास्तरचा शब्द हाच नियम."

"वाचा, मास्तर," खाइन्झा बाई म्हणाल्या. "मोठ्यानं."

त्यानं चष्मा चढवला आणि सभेत वाचावं तसं खणखणीत वाचू लागला. चौथ्या नियमाला त्याला हसू आलं. "हे कुणासाठी? पाद्रीसाहेबांसाठी?" दोन-तीन मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत. आठवा झाला. नवव्याला तो अडला.

"तीन मापं सारखी आली तर खोटी? हे कुठल्या पुस्तकात आहे, मॅडम? कसलेल्या हाताला येऊ शकतात."

"तुमची आली होती की." बाईंनी टेबलाच्या खणातून कागद काढला. पिवळा पडलेला, कडा वाळवीनं कुरतडलेल्या, आणि आता प्लास्टिकमध्ये घातलेला. "पंचवीस, पंचवीस, पंचवीस. सही तुमचीच ना?"

म्हातारा वाकून बघत राहिला. "सही माझी आहे. पण तुम्ही..."

"खाइन्झा नागुदी. चौऱ्याण्णव साल. दुसरा बाक, खिडकीकडची जागा. निकालानंतर मी तुमच्याकडं आले होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, हात थरथरतो तुझा, माणसं मारशील."

सोळा वर्षं बाईंनी या क्षणाची तालीम केली होती. तो नाही म्हणेल, तो चिडेल, काठी आपटेल, तब्येतीचं निमित्त करून खाली बसेल. प्रत्येकावर उत्तर तयार होतं. त्यानं यातलं काहीच केलं नाही. डोळे बारीक करून तिच्याकडं बघितलं आणि अगदी मनापासून म्हणाला, "नाही आठवत, पोरी. किती मुली आल्या न् गेल्या."

बाईंच्या कानात दडा बसल्यासारखं झालं. याला आठवतसुद्धा नाही! त्यांना तिथल्या तिथं त्याची काठी हिसकावून मोडावीशी वाटली.

"हे बघ," तो आवाज खाली आणून म्हणाला, "लेकरांसमोर कशाला? रविवारी घरी ये. बायको शेंगदाण्याच्या कालवणात बांबूच्या कोंबांचा मालेवा करते, असा कुठं खाल्ला नसशील. निवांत बसून बोलू."

"इथंच बोला."

"काय बोलू?" आता तोही तापला. "इम्बालुचं वर्ष होतं! सगळा गाव माळावर. मी एकटा बसून थेंब मोजायचे? नव्वदलाही तसंच केलं, ब्याण्णवलाही तसंच केलं, चौऱ्याण्णवलाही. गणित करून लिहिलं आणि पाठवून दिलं. कागद वेळेवर गेला की नाही? मग कुणाचं काय बिघडलं?"

त्यांना एकच साल ठाऊक होतं. तेवीस मुली ठाऊक होत्या. आणि हा बाबा सालं मोजत होता, भाजीवाली जुड्या मोजते तशी.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "माझी आई इथलीच, नव्वदच्या तुकडीतली."

"खाली बस," मागोम्बे म्हणाला.

"माझी मावशीपण," दुसरी म्हणाली. "ती म्हणते, रसायन आपल्या घराण्याला मानवत नाही. मलासुद्धा घेऊ नको म्हणत होती."

"आमच्या शेजारच्या काकू ब्याण्णवच्या..."

वर्गात एकदम कालवा झाला. बेचाळीस मुली आपापल्या घरातली सालं काढू लागल्या. बाईंनी गप्प करायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला, कारण पहिल्या बाकावरून मुझाकी उठली होती. पोरीचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आजोबा, आई ब्याण्णवची."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला.

"तिला नर्स व्हायचं होतं," मुझाकी म्हणाली. "ती मला नेहमी सांगते, माझा हातच जड, प्रयोगाला बसले आणि सगळं नासवलं, खुद्द बापानं सांगितलं म्हणजे खोटं कसं असेल? तुम्ही सांगितलं होतं ना तिला? निकाल लागला तेव्हा?"

"तिचा हात..." मागोम्बेनं सुरुवात केली आणि थांबला. हिशेब त्याच्या डोळ्यांसमोर मांडला जात होता, एकेक पायरी, आणि तो काही बुद्धू नव्हता. तीस वर्षं मुलांना शिकवलेला माणूस. ब्याण्णवची परीक्षा, ब्याण्णवचं माप, आणि मागच्या खोलीत खुर्चीवर पडून लिहिलेला आकडा. काठीवरचा त्याचा पंजा घट्ट झाला. "मला वाटलं होतं तिचंच चुकलं," तो पुटपुटला. "खरंच वाटलं होतं मला. मी तिला किती बोललो."

खाइन्झा बाईंना हे माहीत नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं माहीत. एक क्षण त्यांना त्याची दया आली. आली तशी त्यांनी ती गिळली. दया तेवीस जणींनी करायची की नाही ते त्या ठरवतील, आणि नव्वदच्या, आणि ब्याण्णवच्या. आपण एकटीनं वाटून टाकायला ती काही आपली नव्हती.

"मॅडम," मुझाकी म्हणाली, "मला फोन मिळेल?"

बाईंनी आपला फोन पुढं केला. मुझाकीनं नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन आजोबांच्या हातात ठेवला. म्हातारा तो परत देऊ लागला, तर पोरीनं दोन्ही हात मागं बांधले. पलीकडं रिंग वाजत होती.

"घरी गेल्यावर बोलतो मी तिच्याशी," तो बाईंकडं वळून म्हणाला. पहिल्यांदाच विनवणीच्या सुरात. "तुझ्या पाया पडतो. इथं नको."

"हॅलो?" पलीकडून बाईचा आवाज आला. मागं गाड्यांचे भोंगे, कुणीतरी कव्हराचा भाव विचारत होतं. "कोण बोलतंय? मॅडम, मुझाकी बरी आहे ना?"

"नान्दुतु," म्हातारा कसाबसा म्हणाला.

"बाबा? तुम्ही शाळेत? काय झालं? हिनं काही फोडलं का? मी सांगितलं होतं तुम्हाला, माझ्यावर गेली असेल तर हिला त्या लॅबमध्ये..."

म्हाताऱ्यानं फोन दोन्ही हातांनी धरला. खाइन्झा बाई दाराशी गेल्या, दार लावून घेतलं आणि त्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"बोला, मास्तर," त्या म्हणाल्या. "मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."